एक कपाट, दोन कारभारी

गेल्या वर्षीच्या अंकात मराठी विभागाच्या ओवी-संकलनाचा वृत्तान्त आला होता. आसपासच्या गावांत जाऊन विद्यार्थ्यांनी जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे केली, आणि ‘हा ठेवा आता ग्रंथालयातील संगणकावर कायमचा सुरक्षित झाला आहे’ असे त्या वृत्तान्ताचे शेवटचे वाक्य होते. ते वाक्य माझे होते. ते खोटे ठरले, आणि खोटे ठरण्यास मीच कारण झालो. म्हणून या वर्षी संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा कविता देण्याचा विचार सोडून हा विषय घेतला.

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने सर्व्हर आणि डिस्क यांवर लिहावे हे काही वाचकांना विचित्र वाटेल. मलाही वाटते. परंतु जे घडले ते विज्ञानशाखेत घडले नाही, आपल्या विभागात घडले. आणि ते मला नीट उमगले तेही संगणकाच्या पुस्तकावरून नव्हे, तर इतिहासाच्या सरांनी सांगितलेल्या रेल्वेच्या एका गोष्टीवरून. ती पुढे येईलच.

त्याचे असे झाले. ग्रंथालयात एक सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांची कामे करण्यासाठी अखंड चालू ठेवलेला संगणक, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. त्याच्याजवळ स्वतःची जागा थोडी, म्हणून शेजारी डिस्कांची एक पेटी आणली. पेटीत ४ टेराबाइटच्या दोन डिस्क होत्या आणि दोन्हींवर एकच मजकूर उमटत असे. एक बिघडली तर दुसरी आहे, असा हिशेब. ही पेटी नेटवर्कच्या तारेने सर्व्हरला जोडलेली होती. या जोडणीच्या पद्धतीला आयस्कझी म्हणतात आणि २००४ साली तिचे नियम अधिकृतपणे प्रसिद्ध झाले. तिची गंमत अशी की पेटी तारेच्या पलीकडे असली तरी सर्व्हरला ती आपल्याच पोटातली डिस्क वाटते. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढचा सगळा घोळ या ‘आपल्याच’ शब्दात आहे.

मग भाषा-प्रयोगशाळेसाठी वरच्या मजल्यावर दुसरा सर्व्हर आला. ओव्या ऐकून उतरवून घ्यायच्या त्या वर, आणि मुद्रणे ठेवलेली खाली. आमच्या मॅडम म्हणाल्या, “अरे, ती पेटी वरूनही दिसेल असे काही करता येईल का? पेन ड्राइव्ह घेऊन जिने चढून माझे गुडघे गेले.”

मी म्हटले, “बघतो मॅडम.”

पाहिले, तर काम दोन मिनिटांचे निघाले. पेटीच्या मांडणीच्या पानावर एक चौकोन होता : एकाहून अधिक संगणकांना जोडणी द्यावी काय? त्याखाली बारीक अक्षरांत एक सूचना होती. फाइल-प्रणाली अशा वापरासाठी बनवलेली नसेल तर मजकुराची हानी होऊ शकते, अशा अर्थाची. मी ती वाचली, मला ती समजली नाही, आणि मी चौकोनात खूण केली. वरच्या सर्व्हरवर ओव्यांचे फोल्डर दिसू लागले. मॅडमांनी चहा पाजला.

पहिले काही दिवस एकच चमत्कारिक गोष्ट दिसे. खाली चढवलेली नवी फाइल वर दिसत नसे. वरचा सर्व्हर बंद करून सुरू केला की दिसे. आम्ही समजलो, नेटवर्क हळू आहे. रोज सकाळी वरचा सर्व्हर बंद-चालू करण्याचा नेमच पडला. पुढे कळले की या नेमाने नुकसान वाढतच गेले. तीन आठवड्यांनी खालच्या सर्व्हरने ‘फाइल-प्रणालीत दोष आढळला’ असे जाहीर करून लिहिणे थांबवले, तोवर व्हायचे ते झाले होते.

आता डिस्कच्या आत काय असते ते पाहू. डिस्क म्हणजे खणांचे प्रचंड कपाट. आमच्या डिस्कवर प्रत्येक खणात ४,०९६ बाइट मावत. ४ टेराबाइटमध्ये असे जवळपास ९८ कोटी खण होतात. एक ओवी-मुद्रण म्हणजे असे हजारो खण. पण कपाटाला स्वतःला काही कळत नाही. अमुक क्रमांकाच्या खणात हे ठेव, तमुक खणातले दे, एवढेच त्याला समजते. कोणती फाइल कोणत्या खणांत आहे, कोणते खण रिकामे आहेत, कोणत्या फोल्डरात कोणती नावे आहेत, हा सगळा कारभार सर्व्हरवरची फाइल-प्रणाली पाहते. आमच्याकडे लिनक्सवरची एक्स्ट-४ नावाची प्रणाली होती. ती कपाटाचे १२८ मेगाबाइटचे गट पाडते आणि प्रत्येक गटासाठी ३२,७६८ खुणांचा एक तक्ता ठेवते : हा खण भरलेला, तो रिकामा. हे तक्तेसुद्धा त्याच कपाटातल्या खणांत ठेवलेले असतात.

आणि इथे ती मेख आहे. प्रत्येक वेळी कपाटापर्यंत जाऊन तक्ता पाहायचा तर काम रखडेल. म्हणून सर्व्हर तक्त्याची एक नक्कल आपल्या स्मृतीत ठेवतो आणि नकलेवरूनच कारभार करतो; नक्कल बदलली की थोड्या वेळाने बदल कपाटात उतरवतो. घरात एकच कारभारी असेल तर यात वावगे काहीच नाही. त्याची नक्कल तीच खरी परिस्थिती, कारण तिच्याबाहेर काही बदलण्याचा संभवच नसतो. एक्स्ट-४ असो, एक्सएफएस असो, की विंडोजची एनटीएफएस असो, या सर्व प्रणाली याच गृहीतावर बांधलेल्या आहेत : ही डिस्क माझी, मी तिचा एकटा धनी.

ही हकीकत मी स्टाफरूमबाहेर सांगत होतो तेव्हा इतिहासाचे सर म्हणाले, “म्हणजे तू रेल्वेचे जुने आरक्षण पाहिलेले नाहीस.”

आरक्षणाचे काम संगणकावर जाऊ लागले ते १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून. त्याआधी प्रत्येक गाडीची वही असे, आणि वही जिथे असेल त्याच खिडकीवर त्या गाडीचे आरक्षण होई. शेजारची खिडकी रिकामी असली आणि आपल्या रांगेत शंभर माणसे असली तरी शेजारचा बाबू आपले काम करू शकत नसे. लोक वैतागत. “पण समजा,” सर म्हणाले, “एखाद्या हुशार स्टेशनमास्तरने सकाळी त्या वहीची नक्कल काढून शेजारच्या खिडकीवर दिली असती तर? दोन्ही रांगा भराभर सरकल्या असत्या. दोघांनीही २३ नंबरचा बर्थ रिकामा पाहून विकला असता. भांडण खिडकीवर झालेच नसते; ते झाले असते रात्री, डब्यात.”

आमच्या ओव्यांचे तंतोतंत हेच झाले. खालच्या सर्व्हरने आपल्या नकलेत रिकामे दिसणारे खण घेऊन एक ओवी लिहिली. वरच्या सर्व्हरच्या नकलेत तेच खण अद्याप रिकामे होते. त्याने त्यांत दुसरी लिहिली. ९८ कोटी खणांत नेमके तेच कसे सापडले, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की एकाच फोल्डरातल्या फाइली शक्यतो जवळजवळ ठेवाव्यात असा या प्रणालीचा शहाणपणा आहे, आणि आम्ही दोन्हीकडून एकाच फोल्डरात चढवत होतो. दोन्ही सर्व्हर एकाच गुरूचे शिष्य. रिकामी जागा शोधायला दोघेही एकाच कोपऱ्यात गेले.

फोल्डरांचीही तीच गत. फोल्डर म्हणजे नावांची यादी, आणि यादीही खणातच असते. खालच्या सर्व्हरने यादीत चार नावे वाढवून ती कपाटात ठेवली. वरच्याने आपली जुनी यादी, स्वतःचे एक नाव वाढवून, तिच्यावर ठेवली. चार नावे गेली. मुद्रणे आतच होती, पण त्यांच्याकडे जाणारी वाट पुसली गेली.

आणि आमचा तो सकाळचा नेम! एक्स्ट-४ कोणताही कारभारी बदल करण्यापूर्वी तो एका कीर्दीत टिपून ठेवते, म्हणजे मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू होताना कीर्दीवरून खतावणी पुरी करता येते. वाणिज्य शाखेच्या मित्रांना हे वेगळे सांगायला नको. आता वरचा सर्व्हर सुरू होताना काय पाहत असेल? कीर्द उघडी आहे, नोंदी अर्धवट आहेत. त्याचा समज होई की मागचा कारभारी मध्येच कोसळला. वास्तविक मागचा कारभारी खालच्या मजल्यावर धडधाकट लिहीत बसलेला. पण याला ते कळण्याचा मार्गच नाही. तो प्रामाणिकपणे दुसऱ्याची अर्धी कीर्द पुरी करून टाकी. डिस्क केवळ वाचण्यासाठी जोडली तरी कीर्द पुरी करण्याचे हे काम एक्स्ट-४ करतेच. तेव्हा ‘मी फक्त वाचणार आहे’ हा बचावही टिकत नाही. पेटीनेच त्या सर्व्हरला लिहिण्याची मनाई केली असेल, तरच गोष्ट वेगळी.

पेटीतल्या दोन डिस्कांचा काय उपयोग झाला, असे ग्रंथपालांनी विचारले होते. काहीच नाही. दोन डिस्क एक डिस्क मोडण्यापासून वाचवतात. चुकीचे लिहिले तर दोन्ही डिस्क तेच चुकीचे तितक्याच निष्ठेने जपतात.

मग हे करायचे कसे? एक मुद्रण दोन ठिकाणी ऐकता यावे ही मॅडमांची मागणी काही अवास्तव नव्हती. वाट होती, आणि जुनीच होती. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९८४ मध्ये एनएफएस नावाची पद्धत काढली. तीत डिस्कचा धनी एकच सर्व्हर राहतो. बाकीचे संगणक खणांना हात लावत नाहीत. ते धन्याला सांगतात, ‘अमुक फाइल दे’, ‘यात एवढे लिही’. तक्ता एकाच्याच हाती, त्यामुळे एक बर्थ दोघांना जाण्याचा प्रश्नच उरत नाही. विंडोजच्या जगात हेच काम एसएमबी करते. सरांच्या भाषेत ही एका खिडकीची रांग. खिडकी बंद पडली की सगळेच थांबतात आणि गर्दीत वेळ लागतो, हे तिचे दोष खरेच. पण आमच्या महाविद्यालयात गर्दी ती किती? मॅडम आणि आम्ही चौघे. त्या पाच जणांसाठी ही पद्धत पुरून उरली असती. पेटीही तीच, तारही तीच. फक्त वरच्या सर्व्हरने पेटीकडे न जाता खालच्या सर्व्हरकडे जायचे, एवढाच बदल.

दुसरी वाट वाटणीची. रेल्वेत मधल्या स्टेशनांना ठरावीक बर्थांचा कोटा असे, तसे डिस्कचे दोन वेगळे भाग करून प्रत्येक सर्व्हरला एकेक द्यायचा. भांडण नाही, पण एकाचे दुसऱ्याला दिसतही नाही. आमच्या उपयोगाची नव्हती.

तिसरी वाट खरोखरच दोन कारभारी ठेवण्याची आहे, आणि ती फार खर्चाची आहे. दोन बाबूंनी एकाच वहीवर बसायचे तर बर्थ लिहिण्यापूर्वी प्रत्येक वेळी दुसऱ्याला फोन करून विचारले पाहिजे : ‘२३ नंबर मी घेतो, तू त्याला हात लावू नकोस, आणि तुझ्या नकलेत तो खोडून टाक.’ अशा एकमेकांना विचारून चालणाऱ्या सर्व्हरांच्या जथ्याला क्लस्टर म्हणतात. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने १९८३ मध्ये आपल्या व्हॅक्स संगणकांचे क्लस्टर जाहीर केले, त्यात कुलपांचा हा व्यवहार सांभाळणारी यंत्रणा होती. लिनक्समध्ये अशा वापरासाठी बनवलेल्या ओसीएफएस-२ आणि जीएफएस-२ या दोन प्रणाली २००६ मध्ये सामील झाल्या. दोघांनी एकाच वेळी एका वस्तूला हात घालू नये यासाठी काय करावे, हा प्रश्न मात्र याहून जुना. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९६५ मध्येच त्यावर एक लहानसा लेख लिहिला होता.

पण खरी अडचण विचारण्यात नाही, उत्तर न येण्यात आहे. शेजारचा बाबू फोन उचलत नाही. तो मेला आहे, झोपला आहे, की फक्त तार तुटली आहे आणि तो अजून तिकिटे विकतोच आहे? इथून ते कळत नाही. वाट पाहत बसलो तर काम ठप्प. तो मेलाच असे धरून चाललो आणि तो जिवंत असला, तर पुन्हा एक बर्थ दोघांना. यावर क्लस्टरवाल्यांनी काढलेला उपाय निष्ठुर आहे : शंका आली की आधी दुसऱ्याची वीज तोडायची, किंवा डिस्ककडे जाणारी त्याची वाट बंद करायची, आणि मगच त्याची कुलपे आपल्याकडे घ्यायची. या उपायाचे इंग्रजीतले प्रचलित नाव उलगडले तर ‘दुसऱ्याच्या डोक्यात गोळी घाला’ असा अर्थ निघतो. मला आधी हा थिल्लर विनोद वाटला होता. आमच्या फाइली पाहिल्यावर वाटला नाही.

तेव्हा क्लस्टर म्हणजे दोन सर्व्हर एका डिस्कला जोडणे नव्हे. तो त्यांच्यातला अखंड संवाद आहे. तार जोडणे दोन मिनिटांचे काम, आणि आम्ही तेवढेच केले. ही चूक आम्हीच केली असेही नाही. ॲमेझॉनच्या भाड्याच्या संगणकांवर २०२० पासून ठरावीक प्रकारचा एकच डिस्क-भाग १६ सर्व्हरपर्यंत जोडता येतो, आणि तिथेही साध्या फाइल-प्रणाली यासाठी नाहीत, असे कंपनीला बजावून सांगावे लागते. एक्स्ट-४ मध्येही २०११ च्या सुमारास एक पहारा आला : धनी सर्व्हर दर काही सेकंदांनी एका ठरावीक खणातला आकडा बदलत राहतो; दुसरा जोडू पाहू लागला तर थोडे थांबून तो आकडा हलतो का ते पाहतो, आणि हलत असला तर माघार घेतो. चांगला पहारा आहे. पण तो आपण होऊन चालू नसतो, आणि आम्हाला तो ठाऊक नव्हता.

दुरुस्तीचा प्रोग्राम आम्ही एका शनिवारी संध्याकाळी चालवला. पडद्यावर एकच तक्रार पुन्हापुन्हा येत होती : या खणावर एकाहून अधिक फाइलींचा दावा आहे. हा प्रोग्राम न्यायाधीशासारखा निवाडा करीत नाही. तो दोन्ही दावेदारांना त्या खणाची एकेक प्रत देऊन भांडण मिटवतो. परंतु खणात मजकूर उरलेला असतो तो शेवटी लिहिणाऱ्याचा. पहिल्याच्या पदरात दुसऱ्याचा माल पडतो. आणि ज्या फाइलींची नावेच पुसली गेली, त्या ‘हरवले-सापडले’ अशा अर्थाच्या एका फोल्डरात जमा होतात, नावाऐवजी नुसता क्रमांक घेऊन.

३१२ मुद्रणांपैकी २४१ धड निघाली. १४ पूर्ण गेली. रेकॉर्डरमधली कार्डे आम्ही पुढच्या गावासाठी पुसली होती, त्यामुळे मूळही नाही. त्यांपैकी दोन आजी आज हयात नाहीत. ३८ मुद्रणे धड आहेत, पण निनावी. आणि १९ मुद्रणे अशी आहेत की ज्यांत आवाज मिसळले आहेत. मिसळले म्हणजे एकावर एक आले नाहीत. एकाच्या मधून दुसरा निघाला. आम्ही मुद्रणे न दाबता पूर्ण रूपात ठेवत होतो, त्यामुळे भलत्या खणातला मजकूरही खरखर न होता नीट वाजतो. एका फाइलीत एक बाई भावाची ओवी गात आहे. ‘भाऊ’ शब्दावर तिचा आवाज तुटतो आणि दुसऱ्याच गावातली, वेगळ्या चालीची, जात्याच्या वेगळ्या घरघरीची ओवी चाळीस सेकंद वाजते. मग पहिली बाई ओळीच्या मध्येच परत येते. ती मधली चाळीस सेकंदे आता कोठेच नाहीत. मॅडमांनी ते मुद्रण एकदा ऐकले आणि यंत्र बंद केले. मला त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

सध्या पेटीचा धनी खालचा सर्व्हर एकटा आहे आणि वरचा त्याच्याकडे मागून घेतो. तो चौकोन मी स्वतः कोरा केला. शिवाय दर शुक्रवारी सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ग्रंथपालांच्या लोखंडी कपाटात जाते.

निनावी ३८ मुद्रणे घेऊन आम्ही दिवाळीच्या सुटीत पुन्हा गावोगाव फिरलो. फोनवर वाजवून बायकांना ऐकवली. कोणी सासूचा आवाज ओळखला, एकीने आवाजावरून नाही तर जात्याच्या कुरकुरीवरून घर ओळखले. २७ जणींची नावे परत लागली. ११ अजून क्रमांकावरच आहेत. आपल्यापैकी जे नदीपलीकडच्या गावांतून येतात, त्यांनी एखाद्या दुपारी ग्रंथालयात येऊन ती ऐकावीत. घरी आई किंवा आजी असतील तर त्यांना ऐकवण्यासाठी नक्कल करून देऊ.